हालकुडेअप्पांची दरखास्त

विरूपाक्ष शंकरप्पा हालकुडे हे कनिष्ठ लिपिक होते आणि कार्यालय अधीक्षकही होते. पगार लिपिकाचा मिळायचा आणि बोलणी अधीक्षकाची खावी लागायची.

याला कारण लातूर जिल्हा. ब्याऐंशी सालच्या पंधरा ऑगस्टला उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. बँड वाजला, पेढे वाटले गेले, आणि ज्या त्या खात्यानं भाड्याच्या इमारतीवर आपापली पाटी ठोकली. अप्पा ज्या खात्यात होते त्याचं नाव इथं घेत नाही. त्या खात्यातली माणसं आता पेन्शन घेतात आणि त्यांच्याकडं वाचायला भरपूर वेळ आहे. एवढं सांगितलं तरी पुरे, की खातं पाण्याचं होतं आणि जिल्ह्यात पाणी नव्हतं.

कार्यालयाला पाटी मिळाली, सहा टेबलं मिळाली, एक पंखा मिळाला. अधीक्षक तेवढा मिळेना. पद मंजूर होतं, ऑर्डरीही तीनदा निघाल्या. पहिला गृहस्थ पुण्याचा. लातूरच्या नळाला आठ दिवसांनी पाणी येतं हे कळताच त्याच्या छातीत दुखू लागलं. दुसरा हजर झाला, दुपारी जेवायला म्हणून बाहेर पडला, तो त्याच्या बदलीच्या ऑर्डरीतच पुन्हा दिसला. तिसऱ्याची ऑर्डर आली तेव्हा त्याला वारून सहा महिने झाले होते. मग मोठ्या साहेबांनी हालकुडेअप्पांना आत बोलावलं.

"हालकुडे, आठ-पंधरा दिवस जरा सांभाळून घ्या."

साहेबांनी तसा कागदही काढला. 'तात्पुरत्या स्वरूपात, पुढील आदेशापर्यंत, प्रभारी अधीक्षक.' त्या आठ-पंधरा दिवसांना बघता बघता दोन वर्षं चार महिने झाले.

खोटं कशाला बोला, सुरुवातीला अप्पांना बरं वाटलं होतं. अधीक्षकाच्या खुर्चीला हात असतात. लिपिकाच्या खुर्चीला नसतात, त्याचे हात कागदावर असावेत अशी सरकारची अपेक्षा असते. टेबलावर घंटी होती. अप्पांनी पहिल्या दिवशी ती चार वेळा वाजवली आणि चारही वेळा चंद्रप्पा आला.

चंद्रप्पा शिपाई. देवणीकडचा, पंचेचाळिशीचा, मॅट्रिक पास, आणि अक्षर असं की साहेब लोक त्याच्याकडून मुलींच्या लग्नाच्या पत्रिकांवर नावं लिहून घ्यायचे. अप्पा मोठ्या खुर्चीत गेले तेव्हा त्यांचं लिपिकाचं टेबल मोकळं पडलं. टपाल यायचं थांबेना. एके दिवशी अप्पा म्हणाले, "चंद्रप्पा, एवढी टपालं चढव रे." चंद्रप्पानं चढवली. दुसऱ्या दिवशीची पण चढवली. पुढं आवक, जावक, स्मरणपत्रं, टँकरच्या खेपांचं रजिस्टर, सगळंच त्याच्या अंगावर आलं. त्याला हुकूम नव्हता की कागद नव्हता. "चढव रे" हाच त्याचा हुकूम. सकाळी झाडून काढायचं, माठ भरायचा, आणि मग हात पुसून लिपिकाच्या टेबलाशी बसायचं. खुर्चीवर मात्र तो बसत नसे. स्वतःचं स्टूल ओढून घेई.

पंच्याऐंशी-शहाऐंशीला पावसानं हात आखडता घेतला आणि अप्पांच्या टेबलापुढं सरपंचांची रांग लागली. प्रत्येक टँकरच्या प्रत्येक खेपेवर अधीक्षकाची सही लागायची. अप्पांच्या सहीत पूर्वी 'हालकुडे' असं वाचता यायचं, आता नुसती एक वळवळ उरली.

असंच एकदा एका वाडीवरची बसम्मा नावाची म्हातारी आली आणि तिनं रिकामी घागर थेट टेबलावर आदळली. शाईची दौत लवंडली.

"चार दिस झाले टँकर न्हाई. तू हितला अधीक्षक हायस न्हवं?"

"प्रभारी," अप्पा म्हणाले.

"ते काय असतंय?"

अप्पांनी समजावून सांगितलं. म्हणजे बघा, काम अधीक्षकाचं, पण पद लिपिकाचं, पगार लिपिकाचा. म्हातारीनं नीट ऐकून घेतलं आणि मागं उभ्या असलेल्या बायकांकडं वळून म्हणाली, "सून हाय ग ही घरातली. राबायला समदं, मागायला काय न्हाई."

सगळं ऑफिस हसलं. मोठे साहेबही आतून हसल्याचं ऐकू आलं. बसम्माला टँकर मिळाला, पण अप्पांच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं. त्यांनी संध्याकाळी ते घरी सांगितलं, बायको धीर देईल म्हणून. शिवकन्याबाई ज्वारी पाखडत होत्या.

"त्यात म्हातारी खोटं काय बोलली?" त्या म्हणाल्या.

भिंतीपलीकडं हणमंतराव राहायचे. निजामाच्या काळात ते कचेरीत पेशकार होते. निजाम जाऊन पस्तीस-चाळीस वर्षं झाली होती, पण हणमंतरावांनी अजून चार्ज दिला नव्हता. शेजाऱ्यांच्या घरातलं बोलणं मुकम्मल ऐकल्याशिवाय ते सल्ला देत नसत. त्यामुळं भिंतीला कान लावूनच बसायचे.

"अप्पा!" भिंतीवरून त्यांचं डोकं वर आलं. "आमच्या जमान्यात अशा माणसाला कायममकाम म्हणायचे आणि वरच्या जागेचा भत्ता मिळायचा. हे सरकार काय निजामापेक्षा गरीब हाय का? दरखास्त टाका. पगाराचा फरक मागा. भीक न्हाई, हक हाय तुमचा."

'हक' हा शब्द अप्पांना फार आवडला. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. वरच्या पदाचं काम करणाऱ्याला काही अटींवर फरक किंवा विशेष वेतन देता येतं असं त्यात खरंच होतं. अटी पान उलटल्यावर होत्या. अप्पांनी त्या दिवशी पान उलटलं नाही.

अर्ज 'योग्य मार्गानं' जायला हवा, म्हणजे अधीक्षकामार्फत. अप्पांनी लिपिकाच्या टेबलाशी बसून अर्ज लिहिला. चंद्रप्पानं त्यावर आवक क्रमांक टाकला आणि नेऊन अधीक्षकाच्या टेबलावर ठेवला. अप्पा उठले, मोठ्या खुर्चीत बसले, चष्मा लावला आणि अर्ज वाचला. अर्ज त्यांना पटला. 'शिफारशीसह सादर', त्यांनी लिहिलं आणि वळवळ काढली.

चार महिन्यांनी नांदेडच्या विभागीय कार्यालयाकडून उत्तर आलं. नांदेडचं म्हणणं असं, की कनिष्ठ लिपिक हालकुडे यांनी अधीक्षक म्हणून तीन हजारांवर सह्या केल्याचं त्यांच्याच अर्जावरून दिसतं. लिपिकास असा अधिकार नाही. सबब, अधीक्षकांनी सदर लिपिकास कारणे दाखवा नोटीस बजावून त्याचा खुलासा आपल्या अभिप्रायासह पाठवावा.

अप्पांनी तो कागद तीनदा वाचला. मग घाम पुसून साहेबांकडं गेले.

"अधीक्षकांनी म्हटलंय ना? मग काढा नोटीस," साहेब म्हणाले. "कडक काढा. नांदेडला वाटू नये की आपण हालकुड्याला पाठीशी घालतो."

अप्पांनी काढली. नोटिशीची भाषा त्यांना चांगली जमायची. 'आपले हे वर्तन शासकीय कर्मचाऱ्यास अशोभनीय असून आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये' हे वाक्य लिहिताना त्यांचा आवाज आपोआप करडा झाला होता. चंद्रप्पा नोटीस आणि पोच-वही घेऊन टेबलाला वळसा घालून पुढं आला.

"मालक, घेता का नाकारता?"

"नाकारली तर काय होतं?"

"दाराला चिकटवावी लागती. घराच्या."

अप्पांनी मुकाट्यानं सही केली. घराच्या दाराला चिकटली असती तर पहिल्यांदा हणमंतरावांनीच वाचली असती.

लिपिक हालकुडे यांनी सहा पानी खुलासा दिला. अधीक्षक नाही, टँकर आले नसते तर माणसं तहानेनं मेली असती, दोन वर्षं राबलो त्याचं हे फळ का, वगैरे. अधीक्षक हालकुडे यांनी तो वाचून अभिप्राय लिहिला: 'खुलासा समाधानकारक वाटतो. तथापि लिपिकाची भाषा किंचित उद्धट आहे.' इतकी वर्षं त्या खुर्चीत बसल्यावर माणसाला अशी भाषा सहन होत नाही.

आठ आठवडे नांदेड गप्प बसलं. हणमंतराव म्हणाले, "अप्पा, मिसल, म्हणजे तुमची फाईल, जागेवर बसली की तिला मुळं फुटतात. समक्ष जावा." अप्पांनी एक दिवसाच्या किरकोळ रजेचा अर्ज केला. मंजूर करताना 'वारंवार रजा घेऊ नये' असा शेरा त्यांच्या हातून सवयीनं पडला.

अहमदपूर, लोहा करत एसटीनं नांदेडला पोचेपर्यंत दुपार झाली. स्टँडवर त्यांनी अर्धापूरची एक डझन केळी घेतली. रिकाम्या हातानं कसं जायचं? फायली ज्या शाखेत होत्या तिथं श्रीमंत जोगदंड नावाचा बुटका, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस बसला होता. त्यानं बोलता बोलता चार केळी खाल्ली.

"तुमची फाईल माझ्याकडंच हाय हो. पर निर्णय लेखाधिकारी घेतात."

"मग त्यांना भेटू?"

"भेटलात की. मीच प्रभारी लेखाधिकारी. तीन वरसं करून राहिलो." जोगदंडांनी पाचवं केळ सोललं. "माझा बी फरकाचा अर्ज पडून हाय. मीच अडवलाय. नियमात बसत न्हाई."

अप्पांनी त्यांच्याकडं आदरानं पाहिलं. असा निःपक्षपाती माणूस त्यांनी खात्यात पाहिला नव्हता.

"पर तुमाला एक सांगतो," जोगदंड पुढं वाकले. "तुमच्या फायलीला एक बोट लागून राहिलंय. तुमी अधीक्षकाचं काम केलं, कबूल. मग लिपिकाचं कोणी केलं? तुमी न्हाई केलं म्हणाल, तर लिपिकाचा पगार फुकट घेतला असं होतं. अडीच वर्षांची वसुली निघंल. म्हणून लिवून द्या, दोन्ही कामं मीच केली. एकट्यानं."

अप्पांना चंद्रप्पा आठवला नाही असं नाही. स्टूल ओढून बसलेला, मान खाली घालून लिहिणारा चंद्रप्पा त्यांच्या डोळ्यांपुढं आला होता. पण वसुली हा शब्द मोठा होता आणि चंद्रप्पा तिथून साडेचार तासांच्या अंतरावर होता. शिवाय, अप्पांनी मनाशी म्हटलं, शिपायानं रजिस्टर लिहिणं हेसुद्धा नियमबाह्यच. त्याचं नाव न घेणं हे त्याच्याच भल्याचं. माणूस दुसऱ्याचं भलं इतक्या पटकन बहुधा अशाच वेळी करतो.

लातूरला परतल्यावर त्यांनी लिहिलं: 'प्रभारी अधीक्षक व कनिष्ठ लिपिक या दोन्ही पदांची संपूर्ण कामे मी एकट्याने, कोणाच्याही साहाय्याशिवाय, समर्थपणे पार पाडली आहेत.' 'समर्थपणे' हा शब्द नंतर वर काकपद देऊन घातला.

आता खात्यातून कागद बाहेर जायचा तर त्याला जावक क्रमांक लागतो. आणि जावक रजिस्टर चंद्रप्पाकडं.

चंद्रप्पाला कागद वाचून विषय लिहायची सवय होती. त्यानं तो वाचला. एकदा वाचला, मग बोट ठेवून पुन्हा वाचला. क्रमांक टाकला, तारीख टाकली, टिपकागदानं शाई टिपली. रजिस्टर मिटलं, त्यावर दौत आणि टाक नीट ठेवला, आणि स्टूल उचलून बाहेर दाराशी नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर टपालाचा ढीग तसाच. अप्पांनी घंटी वाजवली.

"चंद्रप्पा, टपाल राहिलंय."

"हाव."

"चढव की मग."

"तुमी करताव न्हवं मालक दोन्ही? एकट्यानं?" चंद्रप्पाचा आवाज चढला नाही. "माठ भरलाय, झाडून घेटलंय. शिपायाचं काम ऱ्हायलं असंल तर सांगा."

अप्पांनी रागावून बघितलं, समजावून बघितलं, चहा मागवून बघितला. चंद्रप्पानं चहा आणला, एकच कप, आणि जाऊन स्टुलावर बसला.

त्यानंतर अप्पा खरोखरच दोन्ही कामं करू लागले. समर्थपणे हा शब्द मात्र काढावा लागला असता. सकाळी टपाल, दुपारी सह्या, संध्याकाळी रजिस्टर. आठव्या दिवशी वरच्या वाडीची खेप खालच्या वाडीवर चढली. खालच्या वाडीवर दोन टँकर पोचले, तिथं लोकांनी बैल धुतले. वरच्या वाडीचे सरपंच गुरुबसप्पा वीस माणसं घेऊन आले आणि पाणी मिळेपर्यंत हलणार नाही म्हणून ऑफिसात बसले. बसल्या बसल्या त्यांनी माठातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. अप्पांना त्या दिवशी घरी जाईपर्यंत घोटभर पाणी मिळालं नाही.

"ही खेप चढवली कुणी?" साहेब ओरडले.

"लिपिकानं," अप्पांच्या तोंडून गेलं.

"आणि तपासली कुणी?"

अप्पांनी मोठ्या खुर्चीकडं बघितलं.

महिन्याभरात नांदेडचा अंतिम निर्णय आला. तो साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला. हालकुडे यांनी प्रभारी अधीक्षक म्हणून केलेल्या सर्व सह्या जनहितास्तव ग्राह्य धरण्यात येत आहेत. अप्पांनी सुस्कारा सोडला. मात्र त्यापोटी कोणताही आर्थिक लाभ अनुज्ञेय नाही. अप्पांनी सुस्कारा परत घेतला. तसेच, श्री. हालकुडे यांच्या लेखी निवेदनानुसार दोन्ही पदांची कामे एकच कर्मचारी समर्थपणे करू शकतो हे सिद्ध झाल्याने अधीक्षकाचे पद अनावश्यक ठरते. सबब, सदर पद येत्या एक तारखेपासून रद्द करण्यात येत असून त्याची कामे श्री. हालकुडे यांनी लिपिक म्हणूनच करावीत.

"शाबास हालकुडे," साहेब म्हणाले. "काटकसरीच्या मासिक अहवालात तुमचं नाव घालतो."

घरी आल्यावर अप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि ती दोनदा खाली पडली. हणमंतराव भिंतीवरून म्हणाले, "अपील करा! वर मुंबईला दरखास्त टाका!" शिवकन्याबाईंनी भिंतीकडं असं बघितलं की डोकं आपोआप खाली गेलं.

"पर मला एक सांगा," त्या अप्पांना म्हणाल्या, "तुमचं टेबल चंद्रप्पाच बघत होता न्हवं? दोन वरसं झाली, रोज येऊन तुमीच सांगत होताव, चंद्रप्पा हाय म्हणून ऑफिस हाय."

"कागदावर तसं लिहावं लागतं."

"मग झाला की कागद खरा. आता करा दोन्ही. रडताव कशाला?"

अप्पांना त्या दिवशी भाकरी गेली नाही. फरक बुडाला त्याचं दुःख होतंच. पण खरं सांगायचं तर, त्या फायलीत त्यांच्यावर अन्याय करणारे सगळे लोक त्यांना ओळखता येत होते, आणि त्यात एक हालकुडेही होता, हे त्यांना काही केल्या विसरता येईना.

महिन्याच्या शेवटच्या तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत ते अजून अधीक्षक होते. साडेचार वाजता त्यांनी ऑफिसचा छापील कागद घेतला आणि लिहायला लागले. 'प्रमाणित करण्यात येते की, श्री. चंद्रप्पा, शिपाई, यांनी गेली दोन वर्षे कनिष्ठ लिपिकाचे संपूर्ण काम स्वतंत्रपणे व निर्दोषपणे केले आहे. ते लिपिक पदावरील पदोन्नतीस सर्वथा पात्र आहेत.' मध्येच त्यांचा हात थांबला. हा कागद आणि आधीचं निवेदन कुणी शेजारी शेजारी ठेवलं, तर वसुली ठरलेली. पावणेपाच झाले. अप्पांनी सही केली. या वेळी वळवळ काढली नाही, 'हालकुडे' असं वाचता येईल अशी केली.

मग घंटी न वाजवता ते स्वतः उठून दाराशी गेले.

"चंद्रप्पा, एवढ्याला जावक क्रमांक टाकतोस का?"

"मी शिपाई हाय मालक."

"वाच तर खरं."

चंद्रप्पानं वाचलं. एकदा वाचलं, मग बोट ठेवून पुन्हा वाचलं. "ह्यानं तुमचा पहिला कागद खोटा ठरंल," तो म्हणाला.

"खोटाच होता."

चंद्रप्पानं स्टूल उचललं आणि आत आणलं.

दोन कागद नांदेडच्या दोन शाखांत गेले. त्या शाखांच्या मध्ये एक जिना होता, आणि जिना चढायचा भत्ता खात्यात कुणालाच नव्हता. त्यामुळं ते कधी शेजारी आले नाहीत. शिवाय चंद्रप्पाच्या कागदात खोट काढायला जागा नव्हती. वर रीतसर अधीक्षकाची सही होती, आणि तशा सगळ्या सह्या ग्राह्य असल्याचं नांदेडनंच लिहून दिलेलं. आठ महिन्यांत चंद्रप्पाची माहूरच्या उपकार्यालयात कनिष्ठ लिपिक म्हणून ऑर्डर निघाली.

पहिल्या पगारानंतर तो पेढे घेऊन अप्पांच्या घरी आला. इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. शिवकन्याबाईंनी खुर्ची पुढं केली. तो दोनदा नको नको म्हणाला आणि मग बसला.

"मालक, एक काम होतं. वेतननिश्चितीचा कागद आलाय. तुमच्या नजरंखालून घालावा म्हटलं. बावीस वरसांची नोकरी धरलीय त्यांनी. चुकून जास्ती लावलं असंल तर उद्या वसुली नको."

अप्पांनी चष्मा लावला. जुना पगार, वाढीचे टप्पे, संरक्षित वेतन, नवी श्रेणी. एकदा वरून खाली आले, एकदा खालून वर गेले. आकडा नियमात चोख बसत होता. अप्पांच्या मूळ पगारापेक्षा अकरा रुपयांनी जास्त होता.

भिंतीवरून हणमंतरावांचं डोकं वर आलं. "अप्पा, शागिर्दाला जास्त आणि उस्तादाला कमी? दरखास्त टाका!"

"काय निघालं हो?" शिवकन्याबाईंनी विचारलं.

"काही नाही." अप्पांनी पेढा तोंडात टाकला, त्यामुळं आवाज नीट आला नाही. "बरोबर आहे. अगदी बरोबर आहे."

"मग तपासलं म्हणून खाली तुमची सही घालता का मालक?" चंद्रप्पानं खिशातलं पेन काढून पुढं केलं. "मला तेवढीच खात्री."

अप्पांनी पेन उघडलं, कागद मांडीवर घेतला, आणि 'हालकुडे' लिहून झाल्यावर खाली हुद्दा काय घालावा हे न सुचून तसेच बसून राहिले.

"ऑफिसात शेजारी बसत होताव न्हवं? 'शेजारी' लिवा," शिवकन्याबाई म्हणाल्या, "आणि दुसरा पेढा घ्या."

"हे शेजारी कुठले?" भिंतीवरून हणमंतराव म्हणाले. "शेजारी मी हाय!"

अप्पांनी हुद्द्याची जागा कोरीच ठेवली आणि पेन परत केलं.